वर्ध्यात पाहुणा, सायकल अन् मार्चचं ऊन: एका फिरण्याचं प्रकरण

प्रकरण साधं आहे. माझा आतेभाऊ पुण्याचा, चाळिशीतला, सायकलचा भारी नाद, रविवार आला की सिंहगडाच्या पायथ्याला हजर. मार्चअखेर चुलतबहिणीच्या लग्नाला तो आमच्याकडे येणार होता आणि लग्नाच्या आधीचे दिवस रिकामे होते. त्यानं फोनवरच जाहीर केलं की सेवाग्राम, पवनार, वर्धा शहर, सगळं सायकलनं बघणार, गाडी नको, ऑटो नको, तुम्ही कोणी मागं मागं येऊ नका. आमचं गाव पवनार आणि सेलूच्या मधे, नागपूर रोडपासून थोडं आत. तिथून वर्धा 15-16 किलोमीटर. घरच्यांचं म्हणणं पडलं की पाहुण्याला सायकलवर पाठवलं तर लोक काय म्हणतील, जावयाला बैलबंडीत बसवल्यासारखं होईल. माझं म्हणणं वेगळं होतं, जाऊ दे ना बाप्पा, पण नीट ठरवून जाऊ दे.

हे लिहून ठेवतोय कारण आजकाल बरेच जण विचारतात, वर्ध्यात सायकलनं फिरता येते का म्हणून. येते. पण लोक किलोमीटर मोजत बसतात आणि किलोमीटरचा इथे काही प्रश्नच नाही. वर्धा ते सेवाग्राम आश्रम 8 किलोमीटरच्या आसपास, सेवाग्राम ते पवनार तेवढंच किंवा थोडं कमी, पवनारवरून परत वर्धा दहा-बारा. तिन्ही मिळून तिकोन होतो तो 30 च्या आतच. 1936 मध्ये गांधीजी शेगावला, म्हणजे आताच्या सेवाग्रामला राहायला गेले तेव्हा त्यांचे सचिव महादेवभाई देसाई वर्ध्याच्या मगनवाडीत राहायचे आणि रोज पायी जाऊन पायी परत यायचे, तेही उन्हाळ्यात. त्यामुळे सायकलवाल्यानं अंतराचं कौतुक सांगू नये. प्रश्न दोनच आहेत, दुपारी बारा ते चार तुम्ही कुठे असणार आणि सायकल कुठे उभी करणार. बाकी सगळं त्यातूनच निघते.

पहिला वाद झाला सायकल आणायची की नाही यावर. भाऊची सायकल हायब्रिड, म्हणजे रोडची आणि डोंगराची यांच्या मधली, गिअरची, किंमत विचारू नका. रेल्वेत सायकल न्यायची म्हणजे एकतर पार्सल ऑफिसमध्ये बुक करून ब्रेकव्हॅनमध्ये टाकायची, तिथे पॅकिंग, नाव-पत्ता, पावती, आणि तुम्ही उतरलात त्याच गाडीनं ती येईल याची खात्री नाही. नाहीतर दोन्ही चाकं काढून पिशवीत भरून बर्थखाली सरकवायची आणि टीटीईची मर्जी बघायची. त्यानं दुसरं केलं. टीटीईनं एकदा पिशवीकडे आणि एकदा याच्याकडे बघितलं आणि काही न बोलता पुढे गेला म्हणे.

इथे एक गोष्ट बाहेरच्यांसाठी सांगून ठेवतो, यात लय जण फसतात. सेवाग्राम स्टेशन म्हणजे सेवाग्राम आश्रम नाही. ते स्टेशन आधी वर्धा ईस्ट होतं, नंतर नाव बदललं, आणि ते वर्धा शहराच्याच कडेला आहे, आश्रम तिथून अजून पाच-सहा किलोमीटर आत. दिल्ली-चेन्नई मार्गाच्या गाड्या वर्धा जंक्शनला जातच नाहीत, त्या सेवाग्रामवरून बल्लारशाकडे वळतात, आणि मुंबई-पुण्याकडून येणाऱ्यांना आधी वर्धा जंक्शन लागते. भाऊ वर्धा जंक्शनला उतरला आणि प्लॅटफॉर्मच्या बाहेरच चाकं बसवायला बसला. पाच मिनिटांत चार ऑटोवाले, एक चहावाला आणि शाळेतले तीन पोट्टे गोल करून उभे. कोणी विचारलं कितीले पडली, कोणी विचारलं मोटर कुठाय हिची. एका ऑटोवाल्यानं तर समोरचं चाक धरूनच ठेवलं, जोपर्यंत हा नट कसत होता. मी हे सगळं बाजूला उभं राहून बघत होतो, मजा येऊन राहिली होती.

घरी येताना नागपूर रोड धरला. हा रोड आता राष्ट्रीय महामार्ग 361, तुळजापूरवरून यवतमाळ, वर्धा करत बुटीबोरीला जातो, आमच्याकडे चौपदरी आहे. रोड मस्त, त्यात शंका नाही, पण सायकलवाल्यासाठी मस्त आणि सेफ या दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. ट्रकवाला 80 नं जातो आणि डाव्या कडेनं राँग साइडचा ट्रॅक्टर येतो, कारण दुभाजकाचं तोंड लांब आहे आणि त्याला पलीकडच्या शेतात जायचं आहे. सायकलवाला आपोआप कडेच्या पट्ट्यात सरकतो, आणि खरी गंमत त्या पट्ट्यात पडलेली असते. काच, वाळू, आणि काटे. धुऱ्यावरच्या, म्हणजे शेताच्या बांधावरच्या, बाभळी छाटून काट्या कुंपणाला नेतात, बंडीतून किंवा ट्रॉलीतून फांद्या खाली पडतात, गाड्यांच्या चाकाखाली त्यांचा चुरा होतो आणि काटे तेवढे कडेला साचतात. वरून मार्चात सराटे वाळलेले असतात, ते गावरस्त्यावर आणि पांदणीत पसरलेले. डांबरावर दिसत नाहीत, चपलेत घुसले की कळते.

दुसऱ्या दिवशी सकाळी पवनारच्या अलीकडेच पुढचं चाक बसलं.

आता हा भाग जरा सविस्तर सांगतो, कारण पूर्ण प्रकरण इथेच फिरलं. पंक्चरची किट त्याच्याजवळ होती, ठिगळ लावता येत होतं, पण पंप लहानसा, खिशातला, आणि दहा मिनिटं मारूनही टायर मऊच. रोडवर एक मोटरसायकलच्या पंक्चरचं दुकान होतं, इलेक्ट्रिकचा कॉम्प्रेसर लावलेला. पोरानं नळी आणली, तोंडाला लावली, फुस्स. परत लावली, परत फुस्स. याच्या ट्यूबला प्रेस्टा व्हॉल्व, म्हणजे पातळ लांबट नळी आणि टोकाला बारीकसा नट, आणि कॉम्प्रेसरचं तोंड मोटरसायकलच्या जाड व्हॉल्वसाठी. बसतच नाही. पितळेचा एक छोटा अ‍ॅडॉप्टर मिळतो, तो चढवला की काम होते, तो पुण्याच्या घरी ड्रॉवरमध्ये होता. पोरगा म्हणाला, "भाऊ, हे आपल्याकडून नाही होत, गावात काकाकडे जा."

गावातल्या काकांचं दुकान म्हणजे निंबाच्या झाडाखाली एक पेटी, एक घमेलं पाणी, आणि उभा पंप, ज्याचा खालचा पाट पायानं दाबायचा आणि दोन हातांनी मारायचा. काकांनी ट्यूब काढली, घमेल्यात फिरवली, बुडबुडे बघितले, आणि याचं ठिगळ बरोबर लागलेलं होतं पण बाजूलाच दुसरं भोक निघालं. मग त्यांनी जे केलं ते महत्त्वाचं. टायरच्या आतून बोट फिरवत फिरवत पूर्ण गोल गेले, हळू, आणि एका जागी थांबून नखानं बाभळीच्या काट्याचं मोडकं टोक बाहेर ओढलं. तांदळाच्या कणीएवढं. वरून दिसतच नव्हतं. म्हणाले, "हा राह्यला असता तं दहा ठिगळं लावली असती तरी परत बसली असती." सँडपेपरनं घासलं, सोल्युशन लावलं, फुंकर मारून वाळवलं, ठिगळ ठोकलं.

मग हवा. मला वाटलं इथेही तेच होणार. काकांनी व्हॉल्वकडे बघितलं, "हे काय लावून राह्यले भाऊ," म्हणाले, टोकाचा नट बोटानं सैल केला, एकदा दाबून बघितला, आणि जुन्या पंपाची क्लिप सरळ वर चढवली. बसली. आपल्या काळ्या सायकलच्या वालट्यूबवाल्या व्हॉल्वचं वरचं तोंड आणि या प्रेस्टाचं तोंड जवळपास एकाच मापाचं असतं, त्यामुळे जो पंप कालबाह्य म्हणून लोकांनी फेकला तोच इथे चालला आणि हजारोंचा कॉम्प्रेसर नाही चालला. भाऊच्या चेहऱ्यावरचे भाव बघण्यासारखे होते. प्रेशर किती झालं हे काकांनी अंगठ्यानं दाबून सांगितलं, "उन्हाचे दिवस हायेत, कमीच ठेवतो, फुल भरून उन्हात उभी केली तं फाटन." पैसे विचारले तर इतके कमी सांगितले की यानं जास्त द्यायचा प्रयत्न केला, काकांनी घेतले नाहीत, उलट बाजूच्या टपरीवरून चहा सांगितला.

त्या दिवशी पवनारचा आश्रम झाला. धाम नदीच्या काठावर विनोबा 1938 मध्ये राहायला आले, 1959 पासून तिथे ब्रह्मविद्या मंदिर आहे, आश्रम तिथल्या साधक बहिणी चालवतात, आणि जमीन खोदताना निघालेल्या जुन्या मूर्ती तिथेच ठेवल्या आहेत. पवनार म्हणजे वाकाटकांचं प्रवरपूर असं इतिहासकार वा. वि. मिराशींनी मांडलं, त्यामुळे मूर्ती निघाल्या यात नवल नाही. पण भाऊला धड काही बघता आलं नाही. दर दहा मिनिटांनी बाहेर येऊन सायकल बघून जायचा. आश्रमात कोण नेणार आहे सायकल, पण किंमत डोक्यात बसलेली असते ना. नदीत गांधीजींच्या अस्थी जिथे विसर्जित केल्या तिथपर्यंत खाली उतरायचं होतं, तो अर्ध्यातून परत आला. बाहेर दोन पोरं गिअर खटखट करून बघत होती, बस, तेवढंच.

रात्री जेवताना मी म्हणलं, दादा, उद्या ही नको नेऊस. आमच्या गोठ्यात पुतणीची सायकल पडून होती. मानव विकास योजनेतून आठवी ते बारावीच्या मुलींना शाळेत जायला सायकली मिळतात, त्यातली, लेडीज, समोर जाळीची टोपली, मागे कॅरिअर, मागच्या चाकाला रिंगचं कुलूप. पुतणी आता नागपूरला कॉलेजात. चेन गंजली होती, रॉकेल आता मिळत नाही म्हणून डिझेलनं घासून तेल सोडलं, ब्रेकचे गट्टे काकांकडून नवे बसवले, सीट जेवढं वर निघते तेवढं काढलं. त्याहून वर काढलं तर दांडीच निसटते, म्हणून गुडघे थोडे वाकडेच राहिले त्याचे. लग्नघरातल्या पोरींनी टोपलीत झेंडूची फुलं टाकून दिली, हा तशीच घेऊन गेला.

आणि प्रकरण सुटलं. वर्धा शहर त्यानं त्या सायकलवर पूर्ण हिंडलं. बजाज चौकाच्या गर्दीत जिथे हायब्रिडला उभं राहायला जागा नाही तिथे ही दुकानाच्या पायरीला टेकवून ठेवली, खटकन कुलूप, निघाला. लक्ष्मीनारायण मंदिर, जे जमनालाल बजाजांनी 1928 मध्ये दलितांसाठी खुलं केलं, तिथे बाहेर. 1938 च्या मगन संग्रहालयात दीड तास आत, चरखे, घाणी, ग्रामोद्योगाची अवजारं बघत, आणि एकदाही बाहेर आला नाही. गोरस भांडारात दूध पिऊन गोरसपाक बांधून घेतला, टोपलीत टाकला. हिंदी विश्वविद्यालय टेकड्यांवर आहे, तिथे मात्र गिअर नाही म्हणून उतरून ढकलावी लागली, सिंहगडवाला माणूस टोपलीची सायकल ढकलतोय असा फोटो त्यानं स्वतःच काढून बायकोला पाठवला.

गिअरची वाईट असं मी म्हणत नाही. नागपूर रोडवर समोरून वारा आला की पुतणीची सायकल नको होते, जड, आणि ब्रेक लागतात पण विचार करून लागतात. अंतर मोठं असेल, बोरधरणाकडे हिंगणीला वगैरे जायचं असेल, तर त्याचीच बरी. पण शहरात फिरणाऱ्या पाहुण्याला दिवसातून दहा वेळा उतरायचं असते. जी सायकल बाहेर ठेवून विसरता येते ती कामाची.

आता ऊन. मार्चच्या शेवटी आमच्याकडे पारा 40 च्या पुढे जाऊन राहतो, मेमध्ये 45 होतो, आणि पुण्याच्या माणसाला वाटते ऊन म्हणजे घाम. इथे घाम दिसतच नाही. हवा कोरडी, आला की वाळतो, कपडे कोरडे, माणसाला वाटते आपल्याला काही झालंच नाही, आणि अकरा वाजता डोकं दुखायला लागते. म्हणून सेवाग्रामच्या दिवशी नियम केला की सहाला घर सोडायचं, दहाच्या आत सावलीत जायचं, आणि चारच्या आधी बाहेर निघायचं नाही. हेल्मेटखाली ओला दुपट्टा. आजीनं खिशात कांदा टाकला, तो काय करतो ते माहीत नाही पण आजीला नाही कोण म्हणणार.

सकाळी सहाला रस्ता रिकामा, दोन्ही बाजूला कापणी झालेला गहू, मधे मधे पळस लाल झालेला. एकच त्रास, कुत्रे. आमच्या भागातले कुत्रे पायी माणसाला काही करत नाहीत, मोटरसायकलीला थोडं भुंकतात, सायकल दिसली की पूर्ण टोळी मागे. जोरात मारली की तेही जोरात. उतरून सायकल मधे धरून चालायला लागलं की दोन मिनिटांत त्यांचा उत्साह संपतो. भाऊला हे सांगूनही पहिल्या वेळी त्यानं स्पीडच वाढवला.

पवनारवरून आतल्या रस्त्यानं सेवाग्राम गाठलं, हायवे टाळून. सेवाग्राम म्हणजे नुसता आश्रम नाही, 1969 चं मेडिकल कॉलेज आणि कस्तुरबा हॉस्पिटल तिथेच, इंजिनिअरिंग कॉलेज तिथेच, त्यामुळे साडेआठनंतर वर्धा-सेवाग्राम रोडवर शेअर ऑटो, पेशंटच्या गाड्या, डबलसीट पोरं असा रेला लागतो. तो लागायच्या आधी पोचलात तर आश्रम जवळपास तुमचाच. आदी निवास, बापू कुटी, कुडाच्या भिंती, वर कवेलू. बाहेर 45 असो, आत शेणानं सारवलेल्या जमिनीवर बसलं की पाय गार होतात. एक जुना टेलिफोनही आहे, व्हाइसरॉयशी बोलायला बसवलेला. भाऊ तिथे बसला तो उठेचना.

दहा वाजले, नियमाप्रमाणे थांबलो. आश्रमासमोर साधं जेवण मिळते, यात्री निवास आहे, आवारात निंबाची मोठी झाडं आहेत. पूर्ण दुपार तिथे काढली. हेच लोकांना पटत नाही. त्यांना वाटते चार-पाच तास वाया गेले, एवढ्यात वर्धा होऊन आलं असतं. पण दुपार आश्रमात काढल्यामुळे त्याला कताई बघायला मिळाली, एका म्हाताऱ्या कार्यकर्त्यासोबत तासभर गप्पा झाल्या, झाडाखाली झोप झाली, आणि संध्याकाळी मोकळ्या मैदानावर होणाऱ्या प्रार्थनेला बसता आलं. गाडीनं येणारे पाऊण तासात सगळं बघून एसी लावून निघून जातात, ते आम्ही झाडाखालून बघत होतो. परतीला दिवा नसल्यानं मी मोटरसायकल घेऊन मागे मागे आलो, मागं येऊ नका ही अट मोडली त्याची. हायब्रिडला लाल लाइट होता, पुतणीच्या सायकलला साधं रिफ्लेक्टरसुद्धा तुटलेलं.

एक विषय राहिला. येळाकेळीकडे जाताना समृद्धी महामार्ग दिसतो. भाऊच्या डोक्यात आलंच, तेवढा सरळ रोड, सकाळी पाचला रिकामा असेल. नाही. समृद्धीवर सायकल तर सोडाच, मोटरसायकललाही बंदी आहे. खालून बघा आणि गावरस्त्यानं जा.

लग्न झालं, तो चाकं काढून पिशवी भरून गेला. आता त्याच्या ऑफिसातले दोघं डिसेंबरमध्ये येतो म्हणतात. त्यांना मी सांगितलं की सायकल आणू नका, इथे तासावर भाड्यानं देणारी दुकानं आता राहिली नाहीत पण कोणाच्या तरी गोठ्यात एखादी निघतेच, ती दोन दिवस आधी सांगा म्हणजे काकांकडून गट्टे आणि वालट्यूब बदलून ठेवतो. आणायचीच असेल तर प्रेस्टाचा अ‍ॅडॉप्टर खिशात ठेवा. जुलै-ऑगस्टमध्ये येत असाल तर गावरस्ते विसरा, काळी माती मडगार्ड आणि टायरच्या मधे अशी भरते की चाक फिरत नाही, काडीनं खरडत बसावं लागते आणि दहा पावलांवर परत भरते. डिसेंबर चांगला, ऊन कोवळं, दुपारीही फिरता येते, पण तेव्हा कापसाच्या ट्रॉल्या जिनिंगकडे निघतात, दोन्ही बाजूनं कापूस बाहेर आलेला, मागे लाइट नाही, रिफ्लेक्टर झाकलेला, आणि सहालाच अंधार पडतो. तेव्हा साडेपाचच्या आत गावात या, चहा तयार असेल.